रबरी रिंग शेपूट कापत नाही

कोकराच्या शेपटीवर रबरी रिंग चढवली की रबर हळूहळू शेपूट कापतं, असा अनेकांचा समज आहे. रिंग काहीच कापत नाही. ती फक्त रक्त अडवते, बाकीचं काम कोकराचं शरीर करतं.

लांब लोकरी शेपटीला हगवण चिकटते, त्यावर माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत कातडी पोखरतात. शेपूट आखूड करतात ती त्यासाठी. (दुभत्या गाईंची शेपूट छाटली की कासदाह टळतो, हा मात्र निव्वळ प्रचार. गाईचं माशा हाकलायचं साधन तेवढं जातं.)

रिंग कोकराच्या जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच लावतात. का? नीलेची, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या नळीची, भिंत पातळ, आतला दाब कमी, म्हणून ती जराशा आवळण्याने मिटते. रोहिणी, म्हणजे रक्त आणणारी नळी, दाद देत नाही. शेपूट जाड झालेली असली किंवा रिंगचं रबर जुनं, सैल असलं, तर नीला बंद आणि रोहिणी चालू राहते. रक्त येत राहतं, परत जात नाही. शेपूट सुजते, ओलसर राहून सडते. दोन्ही मिटल्या तर खालचा भाग थंड पडतो, वाळतो, काळा होतो. हे सुकं गँगरीन. सीमेवर पांढऱ्या पेशी जमतात, त्यांची विकरं (एन्झाइम) मेलेला भाग सोडवू लागतात आणि जिवंत बाजूने कणीदार नवी ऊती भरत येते. दोन ते चार आठवड्यांत शेपूट गळते.

जागा नेमकी हवी. शेपटीच्या खालच्या अंगाला बुडाशी बिनलोकरीच्या कातडीच्या दोन घड्या असतात. त्या संपतात तिथे, दोन मणक्यांच्या सांध्यावर रिंग बसवायची. उरलेल्या शेपटीने मादीचं योनीमुख आणि नराचं गुदद्वार झाकलं गेलंच पाहिजे. याहून आखूड केली तर तिथले स्नायू दुबळे होतात आणि पुढे गुदद्वारातून आंग बाहेर येण्याचा धोका वाढतो.

वेदना पहिल्या तासात सर्वांत तीव्र असतात, म्हणून रिंगच्या जागी आधी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचावं.

खरा शत्रू धनुर्वाताचा जंतू. तो ऑक्सिजन नसलेल्या ऊतीत वाढतो आणि रिंगखाली नेमकी तशीच जागा तयार होते. त्याचे बीजाणू माती-शेणात असतात, तरीही जखमेवर राख, माती, शेण थापणारे आहेतच! मेंढी व्यायच्या चार-सहा आठवडे आधी तिला धनुर्वाताची लस दिली, तर प्रतिपिंडं चिकातून कोकराला मिळतात. लस चुकली असेल, तर रिंग लावतानाच अँटिटॉक्सिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं. पाय ताठरले, जबडा मिटला की उपचार क्वचितच लागू पडतात.