अंतराळ वसाहत

पृथ्वीबाहेर, म्हणजे चंद्र, मंगळ, लघुग्रह किंवा अवकाशातच बांधलेल्या फिरत्या वास्तूत, माणसांनी कायमचे राहणे आणि तिथेच पुढच्या पिढ्या वाढवणे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून माणसांचा वावर अखंड आहे, तरी ती वसाहत नव्हे, तो तळ आहे. नाशिककरांना हा भेद सिंहस्थात तपोवनात उभ्या राहणाऱ्या साधुग्रामावरून चटकन कळेल. तिथे रस्ते, नळ, वीज, दवाखाना सगळे असते. पण शिधा बाहेरून येतो आणि पर्वण्या उरकल्या की राहुट्या उठतात. तळाची वसाहत कशाने होते, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अग्निबाणांइतकेच, किंबहुना काकणभर जास्त, लोकसंख्याशास्त्रात शोधावे लागते.

उगम : कल्पनेच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. रशियन शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की (१८५७–१९३५) यांना ते बहुधा दिले जाते. १९०३ मध्ये त्यांनी अग्निबाणाच्या गतीचे समीकरण प्रसिद्ध केले आणि पुढील लेखनात सूर्यप्रकाशावर चालणारी, वनस्पतींकडून हवा शुद्ध करून घेणारी अवकाशातली घरे वर्णिली. काही अभ्यासक उगम आणखी मागे, १८६९ च्या सुमारास अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका कथेपर्यंत नेतात. त्या कथेत विटांचा कृत्रिम उपग्रह आहे आणि त्यावर माणसे राहतात. हे मत ताणलेले वाटते, कारण तो उपग्रह जहाजांना रेखांश कळावा म्हणून बांधलेला आहे आणि माणसे त्यावर जातात ती अपघाताने. हर्मन पोटोच्निक (टोपणनाव नूर्डुंग) यांनी १९२८-२९ च्या सुमारास फिरत्या चाकाच्या आकाराचे स्थानक आरेखिले. १९२९ मध्ये ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी सुमारे १६ किमी. व्यासाच्या पोकळ गोलात वीस-तीस हजार माणसांचा समाज कल्पिला. तंत्राचा पाया त्सिओलकोव्हस्की यांचा, पण स्वतःच्या बळावर टिकणाऱ्या समाजाचा विचार बर्नाल यांच्याकडे अधिक स्पष्ट आहे. त्यामुळे वसाहतीचे श्रेय त्यांच्याकडे झुकते.

लोकसंख्येचा युक्तिवाद : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना लोकसंख्यावाढीच्या धास्तीशी जोडली गेली. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या दरसाल दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ मध्ये अवकाशात महाकाय दंडगोल बांधण्याची योजना मांडली. पृथ्वीवरचा भार हलका करणे हा त्यांच्या मांडणीतला एक हेतू होता. पुढच्या वर्षी नासाच्या एम्स केंद्रातील अभ्यासगटाने १०,००० रहिवाशांच्या कड्याचा आराखडा केला. सुमारे १.८ किमी. व्यासाचे हे कडे मिनिटाला एक फेरी घेते आणि त्यामुळे कडेला पृथ्वीइतकेच वजन जाणवते.

त्याआधीच, १९५९ मध्ये, अमेरिकी परिस्थितिवैज्ञानिक गॅरेट हार्डिन यांनी स्थलांतराने लोकसंख्येचा प्रश्न सुटणार नाही असे बजावले होते. गणित सरळ आहे. जगाची लोकसंख्या आजही वर्षाला सुमारे सात कोटींनी, म्हणजे दिवसाला जवळपास १.९ लाखांनी वाढते. एका यानात १०० माणसे बसतील असे धरले तरी नुसती वाढ थोपवायला रोज १९०० उड्डाणे लागतील. आजवर अवकाशात गेलेल्या सर्व माणसांची संख्या मात्र काही शेकड्यांतच आहे.  हार्डिन यांचे म्हणणे आज निर्विवाद मानावे लागते.

त्यानंतर धास्तीचे मूळच बदलले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे १०३० कोटींचे शिखर गाठून उतरू लागेल. अमेरिकेतील आरोग्यमापन संस्थेच्या २०२० च्या अभ्यासात हे शिखर २०६४ मध्ये आणि ९७३ कोटींवरच येते. दोन्हींतली तफावत मुख्यतः जननदर (एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये) किती खाली जाईल याविषयीच्या गृहीतकांची आहे. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सावध आहे. गेल्या काही वर्षांतील घसरण पाहता खरा आकडा त्याच्या खाली राहण्याची शक्यता अधिक दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) भारताचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ नोंदला गेला; लोकसंख्या स्थिर राहण्यास साधारण २.१ लागतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातून समुद्रापार गेलेले लोंढे भरभरून वाढणाऱ्या, तरुण समाजांतून निघाले होते. अंतराळ वसाहती प्रत्यक्षात शक्य होतील तेव्हा पृथ्वीवर म्हाताऱ्यांची संख्या मोठी आणि तरुण हात कमी असतील. एकुलत्या एका मुलाला परत न येण्याच्या प्रवासाला धाडणारी घरे किती निघतील, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या ग्रंथांत क्वचितच येतो. तो यायला हवा.

किमान लोकसंख्या : वसाहत टिकण्यासाठी किती माणसे हवीत, यावरचे आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत. मानवशास्त्रज्ञ जॉन मूर यांनी २००२ मध्ये अनेक पिढ्यांच्या प्रवासासाठी सुमारे १६० हा आकडा दिला. मानवशास्त्रज्ञच असलेल्या कॅमेरॉन स्मिथ यांनी २०१४ च्या निबंधात तो १४,००० ते ४४,००० वर नेला. फ्रेडरिक मारिन व कॅमिल बेलुफी यांनी २०१८ मध्ये ९८ जणांवर भागेल असे दाखवले, तर जाँ-मार्क सालोती यांनी २०२० मध्ये मंगळासाठी ११० हा आकडा काढला. ही मते परस्परविरोधी भासतात, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. मारिन यांच्या गणितात कोणी कोणाशी संतती करावी यावर कडक नियंत्रण गृहीत आहे. स्मिथ यांनी साथ किंवा अपघातात मोठा हिस्सा दगावला तरी जनुकीय विविधता उरावी अशी अट घातली. सालोती यांचा आकडा जनुकांचा नाहीच; जगण्यासाठी लागणारी कामे उपलब्ध तासांत वाटून घेता येतात का, एवढेच तो मोजतो.

जनुकीय विविधतेची अडचण गोठवलेले शुक्रजंतू व भ्रूण सोबत नेऊन बरीच हलकी करता येईल. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात सुमारे सहा वर्षे ठेवलेल्या उंदरांच्या शुष्क शुक्रजंतूंपासून पृथ्वीवर निरोगी पिले झाल्याचे जपानी संशोधकांनी २०२१ मध्ये कळवले. कामाच्या हातांची टंचाई तशी भरून निघत नाही. शल्यविशारद, वेल्डर, सुईण, चिप बनवणारा कारागीर आणि या सर्वांना शिकवणारा शिक्षक असा समाज शे-दीडशेत बसत नाही. यंत्रमानव व कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी ही गरज किती घटेल, यावर सगळे अवलंबून आहे. ती फारच घटली, तर माणसे पाठवण्याचे कारणही कमी होते, हा पेच अद्याप कोणी नीट सोडवलेला नाही. एकूण विचार करता स्मिथ यांचा हजारांतला आकडा अधिक विश्वासार्ह ठरतो. इलॉन मस्क यांचे मंगळावरील दहा लाखांचे उद्दिष्ट म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहराचा (१४.८६ लाख) सुमारे दोन-तृतीयांश भाग.

तंत्रज्ञान : प्रक्षेपणाचा खर्च झपाट्याने उतरला आहे. अमेरिकेच्या स्पेस शटल यानांच्या काळात किलोमागे काही दहा हजार डॉलर पडत. पुन्हा वापरता येणाऱ्या फाल्कन ९ अग्निबाणाने तो आकडा तीन हजारांच्या आसपास आणला. बंदिस्त जीवनचक्राची, म्हणजे हवा, पाणी व अन्न आतल्या आत पुन्हा पुन्हा मिळवण्याची, प्रगती मात्र संथ आहे. स्थानकात पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर साधल्याचे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले, पण अन्न अजून खालूनच जाते. ॲरिझोनातील बायोस्फीअर-२ या हवाबंद काचगृहात १९९१ ते १९९३ या काळात आठ जण कोंडून राहिले, तेव्हा हवेतील प्राणवायू सुमारे २१ वरून साडेचौदा टक्क्यांवर आला. जमिनीतील जिवाणूंनी तो वापरला, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषून घेतल्याने तो झाडांमार्फत परतलाच नाही. पर्सिव्हिअरन्स यानावरील उपकरणाने मंगळाच्या हवेतून २०२१ ते २०२३ या काळात एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. शक्यता सिद्ध झाली. मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन दूर आहे.

प्रारण, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या घातक किरणांचा व कणांचा मारा, हा त्याहून गंभीर विषय, आणि तो समजायला नाशिक जिल्ह्यातच एक ठिकाण आहे. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या स्रोताजवळून कांदा फिरवला जातो. मात्रा १०० ग्रेच्या (शोषलेल्या प्रारणाचे एकक) आतली असते. कांद्याचा बाकीचा गर तसाच राहतो. मधल्या कोंबातील विभाजन पावणाऱ्या पेशी तेवढ्या निकामी होतात आणि चाळीत कांद्याला मोड येत नाहीत. माणसाच्या गर्भाची भीती याच तत्त्वातून येते, कारण गर्भ म्हणजे अखंड विभाजन. अवकाशातील मात्रा याच्या पासंगालाही पुरत नाही, परंतु ती रात्रंदिवस चालू असते आणि तिच्यातले जड कण वेगळ्या जातीचे असतात. क्युरिऑसिटी यानाने मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट (शरीरावरील परिणामानुसार प्रारण मोजण्याचे एकक) मोजले. पृथ्वीवर वर्षभरात मिळणारी सरासरी नैसर्गिक मात्रा मंगळावर चार दिवसांत भरते. उपाय म्हणून काही मीटर जाडीच्या खडकामातीखाली राहणे सुचवले जाते. चंद्रावरील काळपट मैदानांचा खडक बेसाल्टच आहे, म्हणजे पांडवलेणी ज्या कातळात कोरली आहेत त्याच कुळातला.

गुरुत्वाविषयी माहिती तुटपुंजी आहे. भारहीनतेत वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, पण पृथ्वीच्या ०.३८ पट असलेल्या मंगळावरच्या गुरुत्वात मूल कसे वाढेल, याचा कोणताही प्रत्यक्ष पुरावा नाही.

शेती : २०२० मध्ये द्राक्षाच्या ३२० काड्या स्थानकात पाठवून २०२१ च्या आरंभी परत आणण्यात आल्या, ताण सोसणारे वाण मिळावे हा प्रयोगाचा हेतू होता. वर्षातून दोनदा छाटणी करणाऱ्या नाशिकच्या बागायतदारांना त्यात रस वाटावा. इस्रोने पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत जानेवारी २०२५ मध्ये चवळीचे बी अंकुरवले. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी त्याच वर्षी स्थानकात मूग व मेथी रुजवली.

कायदा : १९६७ च्या अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्र वा ग्रहांवर मालकी सांगता येत नाही. भारताने जून २०२३ मध्ये चंद्र व त्यापलीकडच्या मोहिमांचे संकेत ठरवणाऱ्या, अमेरिकेने पुढाकार घेतलेल्या आर्टेमिस समझोत्यावर सही केली. १९६७ च्या करारात यानावरील व त्यातील माणसांवरील अधिकार नोंदणी करणाऱ्या देशाकडे ठेवला आहे. पृथ्वीबाहेर जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाची तरतूद मात्र त्यात नाही.