मीटरच्या आधीचे दोन एल्बो

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गॅसच्या बिलावरून वाद झाला की पहिलं बोट टर्बाइन मीटरकडे जातं. त्यात गॅसच्या झोताने पात्यांचं चक्र, म्हणजे रोटर, फिरतं आणि त्याच्या वेगावरून गॅस मोजला जातो. हा मीटर तपासणीत चोख निघाला, तरी जागेवर चुकू शकतो. कारण तपासणी सरळ, शांत प्रवाहात होते आणि शेडमध्ये जागा वाचवायला मीटर भिंतीला खेटून, दोन एल्बोंच्या, म्हणजे पाइपच्या काटकोनी वळणांच्या, लगेच पुढे बसवलेला असतो.

एक एल्बो आडवा आणि त्याला लागूनच दुसरा उभा असेल, तर गॅसचा अख्खा स्तंभ पुढे सरकता सरकता स्वतःभोवती फिरू लागतो. हा घुमाव सहजी मरत नाही, बराच लांबवर टिकतो. आता हिशेब पाहा. रोटरची पाती पाइपच्या दिशेशी 45 अंशांत कललेली आहेत आणि गॅस सेकंदाला 10 मीटरने सरळ येतोय. घर्षण सोडलं तर पातीचा मध्यही 10 मीटरनेच आडवा फिरेल. घुमाव फक्त 2 अंशांचा धरा: गॅसलाच 0.35 मीटरचा आडवा वेग मिळाला. तो रोटरच्या दिशेने असेल तर पाती 10.35 ने फिरणार, उलट असेल तर 9.65 ने. म्हणजे साडेतीन टक्क्यांची चूक, आणि मीटरची हमी बहुतेक पल्ल्यात ±1 टक्क्याची! पाती 30 अंशांची असतील तर हीच चूक 6 टक्क्यांवर जाते.

घरचा पाइप गॅसचा मीटर वेगळा. त्यातले लवचीक पडद्यांचे कप्पे मापाने भरतात, रिकामे होतात. घुमावाशी त्यांना देणंघेणं नाही. पाइपवर बाहेरून लावायच्या ‘गॅसबचत’ चुंबकांशीही नाही. मिथेनवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही, पैसे घालवू नका.

जवळ पिस्टनचा कॉम्प्रेसर असेल तर प्रवाह धडधडतो. वाढत्या प्रवाहात रोटर चटकन वेग घेतो, घटत्या प्रवाहात मात्र जडत्वाने फिरत राहतो. मीटर जास्तच दाखवतो.

उपाय जुनाच आहे: मीटरआधी पाइपच्या व्यासाच्या 10 पट सरळ लांबी, तिच्या मध्यावर संपणारा, घुमाव मोडणारा नळ्यांचा जुडगा, आणि मीटरनंतर 5 पट. 150 मिलिमीटरच्या पाइपला आधी दीड मीटर, नंतर पाऊण मीटर. जोडातली गॅस्केटची चकती पाइपच्या आत डोकावता कामा नये. लाइन सुरू करताना व्हॉल्व्ह सावकाश उघडा, एकदम दाब आला तर रोटर अतिवेगाने फिरून पाती आणि बेअरिंग जातात.

बेअरिंगचा संशय असेल तर मीटर काढून, वारा नसलेल्या खोलीत रोटर फिरवा आणि थांबेपर्यंतचे सेकंद तीनदा मोजा. नव्या मीटरपेक्षा वेळ बराच घटला असेल, तर कमी प्रवाहात तो कमी मोजतोय. घुमाव मात्र या चाचणीत दिसत नाही; त्यासाठी टेप घेऊन पाइपच मोजावा लागतो.