केबल कारचा डबा थांबतच नाही, मग आपण चढतो कसे?

हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये आम्ही केबल कारच्या रांगेत उभे होतो, आई, माझी लेक आणि मी. नंबर जवळ आला तशी आई माझा हात धरून म्हणाली, "अगं, हा थांबत कसा नाही?" खरंच थांबत नव्हता. रंगीत गोल डबे एकामागून एक मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होते, दारं उघडी, लोक चालता चालताच आत शिरत होते, दार लागायचं आणि पुढच्या चार पावलांत असं काहीतरी व्हायचं की तोच रेंगाळणारा डबा ओढल्यासारखा सुसाट निघून डोंगराच्या दिशेनं हवेत. आईनं आधी रायगडचा रोपवे केलाय, हिरकणीवाडीतून वर जाणारा. तिथं ट्रॉली येते, थांबते, माणसं उतरतात, दुसरी चढतात, दार लागतं आणि मग निघते. त्यामुळं तिचा प्रश्न एकदम बरोबर होता. एकच दोर आहे, त्याला सगळे डबे लटकलेत, मग इथला डबा हळू झाला तर तिकडं दरीवर लटकलेले सगळेच हळू व्हायला पाहिजेत ना? ते तर झपाझप चाललेत.

या प्रश्नाचं उत्तर मला त्या अख्ख्या पार्कमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते, रोलर कोस्टरपेक्षाही.

आधी थोडं त्या राईडबद्दल. ओशन पार्क १९७७ मध्ये उघडलं आणि केबल कार तेव्हापासूनची आहे. पार्कचे दोन भाग, एक खाली सपाटीवर आणि दुसरा नाम लाँग शान नावाच्या डोंगराच्या समुद्राकडच्या टोकावर, मध्ये डोंगराचे उतार, खाली डीप वॉटर बेचं निळं पाणी. या दोन भागांना जोडणारी केबल कार साधारण दीड किलोमीटरची, डबे २५२, एका डब्यात ६ माणसं. २००९ मध्ये डोंगराच्या पोटातून जाणारी ओशन एक्सप्रेस नावाची रेल्वे सुरू झाली, तोपर्यंत माणसं वर-खाली न्यायचा मोठा भार या डब्यांवरच होता. म्हणजे राईड म्हणायची पण काम बसचं, आणि बसचं काम करायचं तर रांग सतत हलती ठेवावी लागते. इथंच रायगडची पद्धत कमी पडते.

रायगडला काय होतं, तर एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात, विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडं बादल्या बांधाव्यात तसं. ही पद्धत साधी आहे, मजबूत आहे, आणि मोटरला पूर्ण वजन उचलावं लागत नाही कारण उतरणारं वजन चढणाऱ्याला मदत करतं, मोटरनं फक्त दोन्हींतला फरक ओढायचा आणि घर्षणाला तोंड द्यायचं. पण डबे दोराला कायमचे जोडलेले असल्यामुळं माणसं चढायची तर दोर थांबवायलाच लागतो, आणि अंतर दुप्पट केलं की फेरीचा वेळही जवळपास दुप्पट, म्हणजे तासाला जाणारी माणसं निम्मी. गडावर जायला हे चालतं. सुट्टीच्या दिवशीच्या पार्कात नाही चालत.

दुसरा उपाय म्हणजे दोर गोल फिरता ठेवायचा आणि थांबवायचाच नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीला जेम्स करन नावाच्या इंजिनिअरनं बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांसाठी पहिली चेअरलिफ्ट बनवली ती अशीच. त्याला ती कल्पना केळ्यांवरून सुचली होती, जहाजात केळीचे घड चढवायला फिरत्या दोराला हूक लावलेले असायचे, त्यानं हुकाच्या जागी खुर्ची लावली. पण घड आणि माणूस यात फरक आहे. खुर्ची मागून त्याच वेगानं येऊन पोटरीला लागते, त्यामुळं दोर हळूच चालवावा लागतो. जोरात चालवला तर बसता येत नाही, हळू चालवला तर रांग संपत नाही, आणि लहान मूल किंवा गुडघे दुखणारी आजी असेल तर विषयच संपला.

आणि मग आली ती तिसरी आयडिया. डब्यानं स्टेशनात शिरल्यावर दोर चक्क सोडून द्यायचा.

हो, सोडून द्यायचा. दोर आपल्या वेगानं पुढं मोठ्या चाकाला वळसा घालून निघून जातो, डबा मात्र आता दोरावर नाहीच, तो स्टेशनातल्या रुळावर आलाय, तिथं आरामात सरकतोय, लोक उतरतायत चढतायत, आणि दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्याला परत दोराच्या वेगाला आणून दोर पकडायला लावायचा. मी आईला पुढच्या डब्याच्या डोक्यावर बघायला सांगितलं. छतातून वर गेलेला एक दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी जबडा, जबड्याशेजारी छोटी चाकं आणि एक लिव्हर. याला ग्रिप म्हणतात. आईला मी म्हटलं, सांडशी आहे असं समज. पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की सांडशी नाही, तो कपड्याचा चिमटा आहे, आणि हा फरक लई महत्त्वाचा आहे. सांडशी आपण दाबतो तोवरच धरते, हात सैल पडला की पातेलं खाली. चिमट्याचं उलटं. त्याला स्प्रिंग असते, काहीच केलं नाही तर तो मिटलेलाच राहतो आणि उघडायला मात्र जोर लावायला लागतो. ग्रिप तशीच. हवेत लटकताना तिला धरून ठेवायला ना वीज लागते ना कुणाचा हात, दोर घट्ट धरून ठेवते ती स्प्रिंग. स्टेशनात शिरताना लिव्हरवरचं छोटं चाक एका तिरक्या पट्टीखाली येतं, पट्टी लिव्हरला दाबते, जबडा उघडतो. बाहेर पडताना पट्टी संपते, लिव्हर मोकळा होतो, खट्. दरीच्या वरती ती पट्टीच नाही, त्यामुळं जबडा उघडायचं कारणही नाही.

किती घट्ट धरायला लागतं? समजा डबा माणसांसकट ७०० किलोचा आहे आणि दोर एखाद्या जागी ३० अंश चढतोय, तर वजनाचा निम्मा भाग, म्हणजे ३५० किलो, डब्याला दोरावरून मागं घसरवायला बघतो. त्यात दोराला ग्रीस असतं, वर पाऊस. म्हणून ग्रिपचा जोर नुसता पुरेसा नाही तर गरजेच्या कित्येक पट ठेवतात, आणि नव्या यंत्रणांमध्ये प्रत्येक डबा बाहेर पडताना जबडा नीट मिटला का, जोर पुरेसा आहे का हे दर वेळी तपासलं जातं, शंका आली तर दोर थांबतो. माझ्या मते कुणी केबल कारला घाबरत असेल तर त्याला खालची दरी दाखवू नये, हे तपासणं दाखवावं.

आता वेग. हल्लीचे दोर सेकंदाला ५-६ मीटर पळतात, म्हणजे ताशी १८-२२ किलोमीटर, आणि स्टेशनात डबा चालतो साधारण आपण देवळात प्रदक्षिणा घालतो त्याहून हळू. मधला फरक भरून काढतात टायर. आजकालच्या स्टेशनात छताखाली वर बघितलं तर छोट्या टायरांची लांब ओळ दिसते, डब्याच्या ग्रिपवर एक सपाट पट्टी असते, तिला ते टायर वरून घासत पुढं ढकलतात, पहिला टायर दोराच्या वेगानं फिरतो, पुढचा थोडा हळू, त्याच्या पुढचा अजून हळू, असं करत करत डब्याला रांगेतल्या माणसाच्या चालीवर आणतात. बाहेर निघताना तीच ओळ उलटी. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे हे टायर फिरवायची ताकद बऱ्याच ठिकाणी त्याच पळत्या दोराकडनं पट्ट्यांनी घेतलेली असते, म्हणजे दोर हळू झाला की टायरही त्याच प्रमाणात हळू, जबडा मिटताना डब्याचा आणि दोराचा वेग जुळलेलाच राहतो, म्हणून आत बसलेल्याला हिसका बसत नाही.

अशी सुटणारी केबल कार थीम पार्कात यायला फार वेळ लागला नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये १९५६ मध्ये स्कायवे नावाची राईड सुरू झाली, स्वित्झर्लंडच्या फॉन रोल कंपनीची, आणि १९५९ मध्ये तिच्या वाटेत आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराचा नकली डोंगर उभा राहिला तेव्हा डबे थेट डोंगराच्या आरपार जायला लागले. १९९४ मध्ये ती बंद झाली.

आमचा डबा निघाला आणि पहिल्या टॉवरवर खडखड झाली, तशी लेकीनं माझी बाही पकडली. टॉवरवर दोर रबर लावलेल्या चाकांच्या ओळीवरून जातो, आणि जबड्याचा जाड भाग त्या चाकांवरून जाताना अंगाला जाणवतो, एवढंच. दोन टॉवरच्या मध्ये एकदम शांतता असते कारण डब्यात इंजिन नाही, काहीच नाही. दोर चढत असला तरी डब्याची जमीन सपाट राहते, कारण डबा वरच्या बिजागरीला मोकळा लटकलाय, लंबकासारखा.

आणि मध्ये दोर खाली झोळ घेतो तो पाहून लोकांना वाटतं ढिला झालाय. उलट आहे. घरातली कपडे वाळत घालायची दोरी घ्या, ४ मीटर लांब, मधोमध ४ किलोची ओली चादर. दोरी मध्यभागी १० सेंटीमीटर खाली आली तर तिच्यावरचा ताण ४० किलोच्या आसपास येतो, चादरीच्या दहापट. झोळ ५ सेंटीमीटरवर आणायला दोरी अजून ओढली की ताण ८० किलो. एकदम सरळ करायची म्हटली तर कितीही ताण पुरणार नाही, आधी भिंतीतला खिळा निघेल. म्हणजे झोळ हा दोराला दिलेला दिलासा आहे. तो किती असावा हे ठरवून ताण कायम ठेवायला लागतो, कारण माणसं कमी-जास्त होतात आणि ऊन-थंडीनं पोलादही लांब-आखूड होतं. दीड किलोमीटरच्या केबल कारचा दोर जाऊन येऊन ३ किलोमीटर भरतो, तापमान २० अंशांनी वाढलं तर तो जवळजवळ पाऊण मीटर वाढतो. हा फरक खाऊन टाकायला एका टोकाचं मोठं चाक सरकतं ठेवतात, त्याला मागून वजन लटकवतात नाहीतर हायड्रॉलिकनं ओढून धरतात.

दोराबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्यानं लोखंडी तारा पिळून दोर केला. त्याआधी खाणीत साखळ्या नाहीतर तागासारख्या धाग्याचे दोर वापरायचे. साखळीची एक कडी तुटली की सगळं खाली, आणि ती आधी सांगत नाही. तारांच्या दोराचं तसं नसतं. वेणीसारखे पेड, प्रत्येक पेडात कितीतरी तारा, एखादी तार तुटली तर पिळामुळं शेजारच्या तारा तिला दाबून धरतात आणि थोड्या अंतरावर ती परत आपला भार घ्यायला लागते. दोर म्हातारा होतो पण सांगून होतो. त्याचं हे सांगणं ऐकायला तो चुंबकाच्या यंत्रातून फिरवतात, आत कुठं तार तुटली असेल तर तिथं चुंबकीय क्षेत्र बाहेर गळतं आणि कागदावर टोक उमटतं. आणि एवढा लांब दोर गोल जोडतात कसा, तर गाठ मारून नाही, दोन्ही टोकांचे पेड उलगडून एकमेकांत विणतात, दोराच्या जाडीच्या हजार-बाराशे पट लांबीचा सांधा, म्हणजे ४ सेंटीमीटर जाड दोराला चाळीस-पन्नास मीटर. नीट केलेला सांधा बघून ओळखू येत नाही.

वाऱ्याची मात्र खरी भीती असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो, म्हणून जोराचा वारा किंवा वीज-वादळ असेल तर ओशन पार्कची केबल कार बंद ठेवतात, आणि त्यावर कुणी चिडू नये असं मला मनापासून वाटतं. थांबलेली केबल कार हा वेगळा प्रश्न आहे. मोटर गेली तर डिझेल इंजिनवर डबे हळूहळू आत आणतात, तेही नाही झालं तर दोरानं माणसं खाली उतरवायची तयारी असते. फ्लोरिडात डिस्नी वर्ल्डची स्कायलायनर २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली आणि ५ ऑक्टोबरला अडकली, लोक काही तास वर होते. तिच्या डब्यांत एसी नाही, हवा खेळते ती डबा पुढं जातो म्हणून. तेव्हा केबल कार थांबणं म्हणजे आतला पंखा बंद होणं पण असतं, हे मला त्या बातमीनंतर कळलं, आणि आता मी आईसाठी पाण्याची बाटली घेतल्याशिवाय चढत नाही.

एक गोष्ट राहिली. डबा दोर सोडतो याचा दोरालाही फायदा होतो. कायमची पकड असेल तर दोर रोज त्याच जागी दाबला जातो, म्हणून तिथं ग्रिपची जागा ठराविक काळानं सरकवायला लागते. इथं डबा दर वेळी दोर नव्या ठिकाणी पकडतो, झीज आपोआप वाटली जाते.

परतीच्या वेळी आई रांगेत समुद्राकडं बघतच नव्हती. ती पुढच्या डब्यांच्या डोक्यावर बघत होती, एक गेला, दुसरा गेला. मग आमचा आला, आम्ही बसलो, दार लागलं, टायरांनी वेग धरला आणि वर खट् झालं.

"धरला," आई म्हणाली, आणि मग खिडकीकडं वळली.