व्यवसाय कर आणि रोजगार हमी योजना

महाराष्ट्रातील पगारदार, व्यापारी व स्वतंत्र व्यावसायिक यांच्याकडून वसूल होणारा राज्य कर आणि त्याच्या उत्पन्नातून ग्रामीण भागात ‘मागेल त्याला काम’ देणारी योजना यांची ही जोडी. करांद्वारे उत्पन्नाचे फेरवाटप केले तर लोकांची काम करण्याची प्रेरणा घटते, हा आक्षेप जुना आहे. जादा कमाईतला मोठा हिस्सा सरकार नेत असेल तर कमावणारा अधिक का राबेल, आणि घरबसल्या पैसे मिळत असतील तर गरीब कामावर का जाईल, असे त्याचे दोन भाग पडतात. महाराष्ट्राने फेरवाटप रोख मदतीऐवजी मजुरीच्या रूपात केले, म्हणून या वादात त्याचा अनुभव मोलाचा ठरतो.

योजनेचे जनक विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ती राज्यभर जाहीर झाली, पण त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला आणि सगळी यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. दुष्काळ सरल्यावर हमी टिकवायची तर पैशाची कायमची सोय हवी होती. त्यासाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. विक्रीकर, मोटार वाहने व ओलिताखालील जमिनी यांवरही जादा आकारणी झाली आणि जमा रकमेइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे आणि त्यासाठी शहरी कमाईवर कर बसवणारे असे पाऊल त्याआधी देशात कोणत्याही राज्याने टाकले नव्हते.

करदात्याच्या बाजूने पाहिले तर या कराने कोणी कमी काम करू लागला असेल, हे संभवत नाही. महिन्याला १०,००० रुपयांवर पगार असलेल्या पुरुषाला दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. पगार पुढे कितीही वाढला तरी कर तेवढाच राहतो, त्यामुळे जादा कमाईवर त्याचा काहीच भार नाही. मात्र पगाराचा एक टप्पा ओलांडून पुढच्यात जाताना, त्या उंबरठ्यावर, विचित्र प्रकार घडतो. पुरुषाचा पगार ७,५०० रुपये असेल तर कर शून्य. तो एका रुपयाने वाढला की १७५ रुपये कापले जातात. स्त्रियांसाठी हा उंबरठा एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांवर नेला आहे. याहून गंभीर दोष न्यायाचा आहे. दरमहा दहा हजारांच्या थोडे वर कमावणारा उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्के कर भरतो, तर दोन लाख कमावणारा जेमतेम ०.१ टक्का. फेरवाटपासाठी आणलेला कर श्रीमंतांकडून प्रमाणाने कमी घेतो, याचे समर्थन करता येत नाही. पण हा दोष राज्याला एकट्याने काढता येत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या करावर वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. ती मूळची २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली.

मजुराच्या बाजूची रचना अधिक विचारपूर्वक केलेली होती. गरीब कोण हे कागदपत्रांवरून ठरवण्याऐवजी काम मागण्याची मुभा सर्वांना दिली. काम अंगमेहनतीचे, मजुरी कमी. त्यामुळे ज्याला दुसरा आधार आहे तो आपणहून बाजूला राही. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर नुसती हजेरी लावून पैसे मिळत नसत. मोजमाप होई, आणि मऊ माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळे असत. दर कामाला असल्याने बाई-पुरुष असा फरक नव्हता. शेतात बाईला सर्रास कमी मजुरी मिळण्याच्या काळात ही मोठी गोष्ट होती. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता होता, पण दिवसाला एक रुपया. त्या आशेवर कोणी घरी बसणे शक्यच नव्हते. कामावर येणारे बहुतांश मजूर खरोखर गरीब असल्याचे कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांच्या १९८० च्या अभ्यासात दिसून आले.

रोजगार हमी योजनेमुळे (रोहयो) शेतीला मजूर मिळत नाहीत, ही बागायतदारांची तक्रार कायम होती. कामाची मागणी मात्र मुख्यतः उन्हाळ्यात, शेतात काही नसतानाच वाढे. तक्रारीचा खरा रोख वेगळा होता: दुसरे काम उपलब्ध असले की मजूर पडेल त्या भावाने राबत नाही. श्रमाची प्रेरणा घटली असे ज्याला म्हटले जाते, ते पुष्कळदा घासाघीस करण्याची ताकद वाढल्याचे लक्षण असते.

१९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोहयोची मजुरीही वाढली. आता अधिक लोक काम मागतील अशी अपेक्षा. प्रत्यक्षात रोजगाराचे दिवस घटले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये दाखवले की मजुरांची इच्छा कमी झाली नव्हती. वाढलेला खर्च टाळण्यासाठी कामेच कमी काढली जात होती. म्हणजे हमी कागदावर राहिली. पुढे १९९० पासून याच योजनेतून शेतकऱ्यांच्या जमिनीवर फळबागा लागल्या. त्यातून पाणी व पीक बदलले, पण भूमिहीन मजुराचा वाटा त्यात कमी होता.

केंद्राच्या २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने या कल्पनेला देशव्यापी रूप दिले, मात्र वर्षाला प्रति कुटुंब १०० दिवसांच्या मर्यादेत. त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःकडे ठेवला. व्यवसाय करही पुढे चालू राहिला.