स्कॉफेल पाइक की स्कॉफेल? मधल्या खिंडीतली चूक

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सरळ रेषेत जेमतेम सव्वा किलोमीटरवर हे दोन माथे आहेत. स्कॉफेल पाइक ९७८ मीटर, इंग्लंडमध्ये सर्वांत उंच. स्कॉफेल ९६४ मीटर. बोलताना 'पाइक' गळतं आणि घोळ होतो. माथ्यावर मोठा गोल दगडी चौथरा दिसला तर तो पाइक.

आकडा पाहून सह्याद्रीतले ट्रेकर गाफील राहतात. पण पायथ्याचं वॉस्डेल हेड गाव समुद्रसपाटीपासून फार वर नाही, त्यामुळे पाइकला सुमारे ९०० मीटर चढावं लागतं. बारीहून कळसूबाईला जवळपास तेवढंच. इथे मात्र शिड्या नाहीत, रेलिंग नाही. ब्राउन टंगची सोंड चढून हॉलो स्टोन्सला आलं की वाट फुटते. डावीकडची लिंगमेल खिंडीतून पाइकवर जाते. शेवटचा टप्पा निव्वळ धोंड्यांचा. ढग उतरला की पायवाट हरवते, दगडांच्या राशींवरून माग काढावा लागतो.

दुसरी वाट घसाऱ्यातून दोन माथ्यांमधल्या मिकलडोर खिंडीत चढते. तिथून स्कॉफेल हाताच्या अंतरावर वाटतो आणि खरा धोका इथेच आहे. समोरचा ब्रॉड स्टँड हा कातळटप्पा आखूड दिसतो, पण ते प्रस्तरारोहण आहे, तेही बहुधा ओल्या, गुळगुळीत दगडावर. तिथे पडून माणसं गेली आहेत. दोरी आणि सराव नसेल तर त्याला हात लावू नका. खिंडीतून पलीकडच्या एस्कडेल खोऱ्याच्या बाजूला कड्याच्या पायथ्याने बरंच खाली उतरा, मग ओढ्याच्या घळीतून फॉक्सेस टार्न या तळ्यापाशी चढा. वर घसारा आणि माथा. पश्चिमेची लॉर्ड्स रेक ही नाळ सुट्या दगडांची आहे, आम्ही ती सुचवणार नाही. फक्त स्कॉफेलच करायचा असेल तर मिकलडोरला जाऊच नये; वॉस्डेलहून ग्रीन हाउच्या गवताळ उतारावरून सरळ चढावं. दमछाक होते, पण हात टेकावे लागत नाहीत.

पाइकवरून सीथवेट वस्तीकडे उतरताना वेगळा सापळा आहे. कॉरिडॉर रूट ही तिकडची वाट पीअर्स गिल या खोल घळीचं तोंड ओलांडून उजवीकडे जाते. ते न ओलांडता घळीच्या कडेने उतरत राहिलात तर पुढे कडे लागतात. तिथे अडकलेल्यांना सोडवायला बचाव पथकाला वारंवार जावं लागतं. अडकलात तर खाली सरकू नका. आहात तिथे थांबून ९९९ हा आपत्कालीन क्रमांक लावा, पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू.