बाळाआधी बारसं : सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पदवीची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एक प्रश्न हमखास येतो : यात आणि कम्प्युटर सायन्समध्ये नेमका फरक काय? दोन प्राध्यापकांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. या विषयाचं नाव आधी ठेवलं गेलं, आणि त्यात शिकवायचं काय यावरचा वाद पुढे तीसेक वर्षं चालला.

ऑक्टोबर १९६८. जर्मनीतल्या गार्मिशमध्ये नाटोच्या विज्ञान समितीने परिषद भरवली. यंत्रं झपाट्याने वाढत होती, पण त्यांच्यावर चालणारी मोठी सॉफ्टवेअर वेळेत होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका संपत नव्हत्या. परिषदेला ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव दिलं ते मुद्दाम डिवचण्यासाठी, असं तिच्या अहवालातच नोंदवलं आहे. पूल बांधणाऱ्यांच्या पाठीशी सिद्धांत असतो, शिस्त असते. तुमच्यापाशी काय आहे, असा त्यातला टोमणा. पुढच्या वर्षी रोमला पुन्हा सगळे जमले, तेव्हा सिद्धांतवाले आणि प्रत्यक्ष काम करणारे यांना एकमेकांची भाषाच कळेना.

गंमत म्हणजे त्याच १९६८ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने कम्प्युटर सायन्सचा नमुना अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात गणित होतं, अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या ठरीव पायऱ्या) होते. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा विषय मात्र नव्हता.

पदव्या आल्या त्याही वरून खाली : आधी मास्टर्स, मग बॅचलर्स. अमेरिकेत सिएटल युनिव्हर्सिटीचा मास्टर्स १९७९ मध्ये सुरू झाला, तो नोकरी करणाऱ्या अनुभवी लोकांसाठी. मला हा क्रम अगदी स्वाभाविक वाटतो. दोनशे ओळींचा प्रोग्रॅम एकट्याने लिहून, मार्क घेऊन विसरून जाणाऱ्या मुलाला ‘मेंटेनन्स’ (चालू सॉफ्टवेअरची देखभाल-दुरुस्ती) हा शब्द पोकळच वाटणार. दुसऱ्याने लिहिलेला, लिहिणारा सोडून गेलेला कोड रात्री दुरुस्त करावा लागला, की त्याला त्या शब्दाचं वजन कळतं. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं, आणि उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की उशीर वाढतोच, हे १९७५ मध्ये लिहून ठेवलं. तोवर ते विद्यापीठात शिकवत होते. टीम प्रोजेक्ट आज या पदवीचा कणा आहे तो अशाच अनुभवांमुळे. गटातला एक जण राबतो आणि बाकीचे सही करतात, ही तक्रारही तेवढीच जुनी असावी.

सगळाच वारसा नीट वाचून घेतला गेला, असं मात्र नाही. ‘वॉटरफॉल’ म्हणजे एक टप्पा संपवून मगच पुढचा घ्यायची पद्धत. तिच्या पायऱ्या ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातून आल्याचं सांगतात, त्यांनी ती साधी आकृती दाखवून लगेच पुढे ती धोक्याची असल्याचं म्हटलं होतं. पाठ्यपुस्तकांनी आकृती तेवढी उचलली.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९८४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि शिकवण्याच्या साहित्याला जरा घडी बसली. याच सुमारास, १९८५ ते १९८७ दरम्यान, थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने किमान सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. आधीच्या मॉडेलमधला कोड पुन्हा वापरला होता. जुन्या यंत्रात चूक अडवणारी हार्डवेअरची कुलुपं होती, नव्यात ती काढून भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. टेस्टिंग आणि नीतिमत्ता या दोन्ही तासांना हे प्रकरण अजून निघतं.

बॅचलर्सची पदवी अमेरिकेत पहिल्यांदा १९९६ मध्ये रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुरू झाली. एसीएम आणि आयईईई कम्प्युटर सोसायटी या दोन संघटनांचा संयुक्त नमुना अभ्यासक्रम यायला २००४ उजाडलं. दरम्यान संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस ठासून सांगत होते, की ही कम्प्युटर सायन्सची फांदी नाही, इंजिनिअरिंगची शाखा आहे, आणि तशीच शिकवा. दुसरे नामवंत संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा सूर अगदी उलटा : ज्यांना प्रोग्रॅमिंग जमत नाही त्यांनी ते कसं करावं, एवढंच हा विषय शिकवतो.

इंजिनिअर म्हणायचं तर परवाना हवा, हा पुढचा तंटा. टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरांना परवाना देण्याचं ठरवलं, १९९९ मध्ये एसीएमने परवान्याच्या खटाटोपातून अंग काढून घेतलं. तरीही अमेरिकेत परवान्याची स्वतंत्र परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये ती बंद करावी लागली. एवढ्या वर्षांत परीक्षेला बसले होते ८१ जण.