मुखश्वसन (मुलांमधील)

नाक चोंदलेले असल्यामुळे, किंवा अडथळा गेल्यावरही सवय न सुटल्यामुळे, मूल बहुतेक वेळ तोंडावाटे श्वास घेते, त्या स्थितीला मुखश्वसन म्हणतात. नाकाच्या मागे असलेली ॲडिनॉइड ग्रंथी साधारण 3 ते 7 या वयात जागेच्या मानाने मोठी असते आणि पुढे आक्रसत जाते. तिची वाढ, सुजलेले टॉन्सिल आणि ॲलर्जीची सर्दी ही मुख्य कारणे होत. नाशिकमध्ये सर्दीला निमित्ते कमी नाहीत : पावसाळ्यात भिंतींवर धरणारी बुरशी, मोकळ्या भूखंडांवर माजलेले गाजरगवत आणि हिवाळ्यातली सकाळची शाळा. नाकात गरम व दमट होऊन, गाळून जाणारी हवा अशा वेळी कोरडी आणि गारच घशात उतरते.

तोंड उघडे राहिले की जीभ टाळूपासून सुटून खाली येते. घशाची वाट मोकळी राहावी म्हणून मूल नकळत हनुवटी उचलून डोके पुढे काढते. त्यापाठोपाठ खांदे पुढे गळतात, पाठीला पोक येतो आणि कित्येकदा पोटही पुढे येते. ‘पोक काढून बसू नकोस’ हे घरोघरचे बोलणे इथे फारसे लागू पडत नाही, कारण ती बैठक श्वासाच्या सोयीसाठी शरीरानेच पत्करलेली असते. सदरा काढून मुलाला स्टुलावर बसवले, तर काही मुलांमध्ये शांत बसल्या जागीही प्रत्येक श्वासाला मानेचे स्नायू ताणलेले दिसतात, कारण वाकलेल्या छातीत श्वासपटलाला पुरते काम करता येत नाही आणि बरगड्या वर ओढण्याचा भार मानेवर पडतो.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीत, अशा मुलांची फुंकण्याची क्षमता आणि श्वासाचा दाब मोजणाऱ्या वेगळ्या चाचणीत श्वसनस्नायूंची ताकद सरासरीने कमी आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. मात्र या चाचण्या मुलाने किती जोर लावला यावर अवलंबून असतात, शिवाय अनेकांना जोडीला दमाही असतो. त्यामुळे सगळा दोष मुखश्वसनाच्या माथी मारणे घाईचे ठरते.

घरी साधी पारख करता येते : मोठ्या मुलाने घोटभर पाणी तोंडात धरून, ओठ मिटून मिनिटभर नाकाने श्वास घेऊन पाहावा. जमले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उपचार कारणानुसार ठरतात. नाकातला फवारा, क्वचित शस्त्रक्रिया, आणि वाट मोकळी झाल्यावर पोटाने श्वास घेण्याचे व मान-खांद्यांचे व्यायाम. झोपताना ओठांना पट्टी चिकटवण्याचा जो प्रकार हल्ली मोबाइलवर फिरतो, तो चोंदलेल्या नाकाच्या मुलावर करणे धोक्याचे आहे.